निरोपाच्या दिवशी वर्गाचं 'मृत्युपत्र' : कुणाला काय ठेवून जावं?

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. आमचं शेवटचं वर्ष संपत आलंय. निरोप समारंभात भाषणं नकोत असं सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं आणि त्याऐवजी वर्गाचं मृत्युपत्र वाचायचं ठरलं. म्हणजे जाणाऱ्या प्रत्येकाने आपला एखादा गुण, खोड, सवय मागे राहणाऱ्या कुणाला, आपल्याच सोबत्याला किंवा शिक्षकांना रीतसर लिहून द्यायची. मजकूर जुळवायचं काम माझ्याकडे आलंय आणि मला ते मनापासून छान करायचंय.

हजेरीपटावर ४३ नावं आहेत. तिसेक ओळी भराभर सुचल्या. दर तासाला "सर, एक शंका" म्हणणारा मुलगा आपला वर केलेला हात, शंका असूनही गप्प बसणाऱ्या मैत्रिणीला देतोय. जिचं हसू जिना उतरून खाली ऐकू जातं, ती ते निम्मं एका गंभीर मुलाला देतेय आणि निम्मं स्वतःकडे ठेवतेय.

अडलंय दोन ठिकाणी. एक, शिक्षकांना काय द्यावं, आणि त्यांना राग आला तर? दुसरं जरा अवघड आहे. मागच्या खिडकीजवळ एक मुलगा बसतो. तीन वर्षांत त्याच्याशी कुणाचं धड बोलणं झालेलं नाही. भांडण वगैरे काही नाही, बोलणंच झालं नाही. त्याच्या नावापुढची ओळ कोरी आहे. "त्याची शांतता" असं लिहून टाक, असं दोघी-तिघी म्हणाल्या. मला ते लिहवेना. काय करू?

मधली_सुट्टी
झकास कल्पना! आमच्या वर्गातल्या एकाने आपली 'नावाची हाक येण्याच्या नेमक्या क्षणी दारात पोचण्याची कला' धाकट्या भावाला दिली होती. भाऊ त्याच शाळेत दोन इयत्ता मागे. पुढे सर त्या भावाला दारात बघून म्हणायचे, "वारसा चालवतोयस वाटतं."

काळा_कोट
पेशाने वकील आहे, त्यामुळे राहवत नाही. आधी साचा नीट बांधा. खऱ्या मृत्युपत्राची भाषा जितकी भारदस्त, तितकी वाटली जाणारी चीजवस्तू किरकोळ असली की हशा आपोआप येतो. सुरुवात अशी करा : "आम्ही खाली सह्या करणार, पूर्ण शुद्धीत असून, कोणाच्याही दडपणाला वा आमिषाला बळी न पडता, राजीखुशीने व अक्कलहुशारीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की..." मग "आमची स्थावर व जंगम मिळकत येणेप्रमाणे". स्थावर म्हणजे जागची न हलणारी, उदाहरणार्थ पंख्याखालचा बाक. जंगम म्हणजे फिरती, उदाहरणार्थ परीक्षेच्या आदल्या रात्री सात घरं फिरून आलेली एकुलती एक वही. मग वाटणी, मग व्यवस्थापक, म्हणजे ज्याचं त्याला पोचतं की नाही हे बघणारा. शेवटी साक्षीदारांच्या सह्या.

आणि हे कलम विसरू नका : "वर नमूद न केलेली उर्वरित सर्व मिळकत". खऱ्या मृत्युपत्रात हे राहून गेलं की उरलेल्या दोन भांड्यांवरून घरात महाभारत घडतं. तुमच्याकडे त्याचा उपयोग असा की कुणी सोडलेली, कुणाचीच नसलेली सवय त्यात घालता येते.

नावं आठवणीतून लिहू नका, हजेरीपट समोर ठेवा. आठवणीतून लिहिलं की नेहमी तीच तीन माणसं राहतात.

खडूफळा
मी २६ वर्षं शिकवतेय, म्हणून पहिल्या प्रश्नावर बोलते. राग येत नाही गं. वाईट वाटतं ते "सर्व शिक्षकांना आमचा आदर व कृतज्ञता" अशा एका ओळीत सगळ्यांना गुंडाळलं की. आदर रोज मिळतो. मृत्युपत्रात आम्हाला आमची स्वतःची वस्तू हवी असते.

मला एका वर्गाने काय दिलं होतं सांगते. "बाईंनी तीन वर्षांत, घंटा झाल्यानंतर, 'एवढं एकच सांगते' असं म्हणून घेतलेली सर्व मिनिटे व्याजासह परत." मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, घंटा झाली आणि हातातला खडू मधल्या शब्दावरच खाली ठेवला. त्याला आता १५ वर्षं झाली. अर्धा राहिलेला शब्द तसाच फळ्यावर ठेवते आणि पुढच्या तासाला तिथूनच सुरुवात करते. मुलं म्हणतात, बाईंची ही पद्धत छान आहे. ती मला कुणी दिली हे त्यांना सांगते.

आमच्या ग्रंथपालांना मुलांनी त्यांचा 'शूऽऽ' परत केला होता, "गेली तीन वर्षे आमच्याकडे ठेव म्हणून होता" असं म्हणून. आणि शिपाईकाकांना विसरू नकोस. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज आला की अख्खा वर्ग बाकावर बसायचा. त्यांना त्या वर्गाने 'आमचे कान' दिले होते. काकांनी तो कागद किल्ल्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. अजून आहे.

टाचणी
किल्ल्यांचं कपाट! वा.

उंबरठा
सगळे हसताहेत त्यात थोडं वेगळं सांगते, राग मानू नये. आमच्या वर्गातही असंच वाचन झालं होतं. सगळ्यात उंच मुलाने मला 'आपली दोन इंच उंची' लिहून दिली. सभागृह हसलं. मीही हसले, टाळ्या वाजवल्या. नंतर वर्गाचा फोटो काढला. तो हातात आला तेव्हा दिसलं की मी टाचा उचलून उभी आहे. काढताना मला ते कळलंही नव्हतं.

त्याला २२ वर्षं झाली. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला खरंच वाटलं असेल की आपण गंमत केली. म्हणून शाईचा_डाग, प्रत्येक ओळ लिहिल्यावर ती ऐकणाऱ्याच्या जागी बसून एकदा वाच.

फटकळ
@उंबरठा, वाचून वाईट वाटलं. तसं कुणाच्याही बाबतीत होऊ नये. तरीही माझं मत ठाम आहे : सगळं गाळून घेतलं तर उरतं काय? "माझा प्रामाणिकपणा अमुकला, माझी मेहनत तमुकला" हे मृत्युपत्र नव्हे, प्रगतिपुस्तक झालं. खोडीशिवाय निरोप मिळमिळीत. ज्याची थट्टा होत नाही त्याला वाटतं आपण कुणाच्या खिजगणतीतच नव्हतो. आमच्या वर्गात एकीला नुसता 'चांगुलपणा' मिळाला होता. ती दोन दिवस धुमसत होती. म्हणे, "इतक्या वर्षांत माझी एक खोड तुम्हाला दिसली नाही?"

मधली_सुट्टी
@फटकळ, धुमसण्याची खोड दिसली की शेवटी!

काळा_कोट
या वादात कायद्याचं एक साधं तत्त्व कामाला येईल. जे आपल्या मालकीचं नाही ते कुणाला देता येत नाही. शेजाऱ्याचं घर मी पुतण्याच्या नावे करू शकत नाही. तसंच इथे : देणाऱ्याने स्वतःची खोड द्यावी. दुसऱ्याचं अडखळत बोलणं, दुसऱ्याचे गुण, दुसऱ्याचं घर, दुसऱ्याच्या मनातलं कुणी, हे काहीही देणाऱ्याच्या मालकीचं नाही. निम्म्या वाईट ओळी तिथेच गळतात.

उंबरठा
पण उंची त्याचीच होती ना हो वकीलसाहेब. मालकीहक्क स्वच्छ होता.

काळा_कोट
बरोबर पकडलंत. माझं तत्त्व अपुरं पडलं, मान्य करतो. मग दुसरं जोडतो. ज्याला काही ठेवलंय त्याने ते घेतलंच पाहिजे असं बंधन नसतं. लाभार्थी नको म्हणू शकतो. गळ्यात मारता येत नाही. तुम्हाला नको म्हणायची संधीच मिळाली नाही, खरी चूक तिथे झाली.

खडूफळा
आम्ही हेच करतो. आदल्या आठवड्यात प्रत्येकाला फक्त त्याची ओळ दाखवायची, बाकीच्यांच्या झाकून. समोरच्याने क्षणभर जरी थांबून "चालेल" म्हटलं, तरी ती ओळ बदलायची. जे आवडतं त्याला माणूस "चालेल" म्हणत नाही, लगेच हसतो. गंमत कमी होत नाही, कारण बाकीच्या ४२ ओळी त्याला नव्याच असतात.

@फटकळ, तुमचंही पटतं. खोड हवीच. फक्त ती समोरच्याच्या उपयोगी पडणारी असावी. वर केलेला हात गप्प बसणाऱ्या मुलीला उपयोगी आहे. दोन इंच उंची कुणाच्या कामाची?

फटकळ
हे पटलं. 'उपयोगी खोड'. शब्द उचलतो.

उंबरठा
मलाही पटलं. धन्यवाद, खडूफळाताई.

तिसरी_घंटा
धागा छान चाललाय, पण 'मृत्युपत्र' शब्द जरा कसासाच वाटतो. पोरं आयुष्याला सुरुवात करताहेत आणि आपण असं अभद्र कुठे बोलायचं? 'वारसपत्र' म्हणा की.

काळा_कोट
'इच्छापत्र' हा शब्द सर्रास वापरला जातो आणि चुकीचा नाही. पण मृत्युपत्र या शब्दात जी गंभीरता आहे तिच्यावरच हा सगळा डोलारा उभा आहे. शिवाय खरं मृत्युपत्र माणूस हयात असेपर्यंत हवं तितक्या वेळा बदलू शकतो, शेवटचं असेल ते धरलं जातं. म्हणजे ते जिवंत माणसाचंच कागदपत्र आहे.

शाईचा_डाग
आमच्या वर्गातही यावर मतदान झालं. मृत्युपत्र जिंकलं, पण आजीला सांगताना मी इच्छापत्र म्हणते :)

जुनी_पानं
या थट्टेचं मूळ फार जुनं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी शाळांच्या वार्षिकांकांत वर्गाचा इतिहास, वर्गाची कविता, वर्गाचं भविष्य आणि वर्गाचं मृत्युपत्र अशी ठरलेली सदरं सापडतात. पण त्याच्या कितीतरी आधी, १४५६ मध्ये, फ्रांस्वा व्हियों या कवीने पॅरिस सोडताना असाच वाटणीचा खेळ कवितेत मांडला. तो पॅरिस विद्यापीठाचाच विद्यार्थी, १४५२ मध्ये तिथली मास्टर ऑफ आर्ट्स पदवी घेतलेला. न्हाव्याला त्याने आपल्या केसांची कातरण ठेवली आणि चांभाराला जुने जोडे. १४६१ मध्ये पुन्हा तोच घाट घेऊन त्याने मोठी रचना केली.

आणि याहून हजारेक वर्षं मागे गेलात तर माझं सगळ्यात आवडतं मृत्युपत्र मिळतं. ते एका डुकराचं आहे. साधारण चौथ्या शतकातलं लॅटिन लिखाण. ग्रुनियस कोरोकोटा नावाचं डुक्कर, स्वयंपाकी सुरी घेऊन समोर उभा, आणि हे म्हणतं, मला घटकाभर वेळ दे, मृत्युपत्र करतो. "मला माझ्या हाताने लिहिता येत नाही म्हणून तोंडी सांगून लिहवून घेतलं" असं त्यात रीतसर नमूद आहे. मग वाटणी : चांभारांना राठ केस, बहिऱ्यांना कान, वकिलांना आणि बोलघेवड्यांना जीभ, मुलांना खेळायला मूत्राशयाचा फुगा. रोमन कायद्याला सात साक्षीदार लागत, तर इथेही मोजून सात सह्या आहेत, त्यातल्या काहींची नावं चरबी, जिरं, सॉसेज यांवरून पाडलेली. थडग्यावर सोन्याच्या अक्षरांत लिहायचं की हा ९९९ वर्षं आणि वर सहा महिने जगला, आणखी सहा महिने मिळते तर हजार भरली असती.

तुमच्या विषयाशी याचं नातं असं : चौथ्या-पाचव्या शतकातले ख्रिस्ती पंडित संत जेरोम यांनी वैतागून लिहून ठेवलंय की शाळेतल्या पोरांचे थवेच्या थवे हे मृत्युपत्र खिदळत म्हणत असतात. म्हणजे थट्टेची मृत्युपत्रं आणि वर्गातला खिदळ यांची सोबत निदान १६०० वर्षांची आहे.

मधली_सुट्टी
वकिलांना जीभ!! @काळा_कोट, वारसा मिळाला का?

काळा_कोट
मिळाला आणि स्वीकारलाही. रोज वापरतो.

टाचणी
९९९ वर्षं सहा महिने वाचून एकटीच हसत बसलेय.

फटकळ
@जुनी_पानं, त्या डुकराने घरच्यांना काही ठेवलं नाही का?

जुनी_पानं
ठेवलं ना. बापाला ओकची फळं, आईला गहू, बहिणीला जव, सगळं मापं मोजून. बहिणीच्या नावापुढे एक छोटंसं वाक्य आहे : "जिच्या लग्नाला मला हजर राहता आलं नाही." मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसता हसता थबकलो. पोरांना हसवायला लिहिलेल्या मजकुरात कुणी तरी हे एवढं घालून ठेवलं.

उंबरठा
हे वाक्य फार आवडलं. दिवसभर डोक्यात राहणार.

शेवटून_दुसरा
बराच वेळ नुसता वाचत होतो. डुकरापर्यंत सगळे पोचले, पण मूळ धाग्यातला खिडकीजवळचा मुलगा तिथेच बसून राहिला. मी शाळेत असाच होतो, म्हणून लिहितोय.

'त्याची शांतता' लिहिलं नाहीस हे बरं केलंस. वकीलसाहेब म्हणाले ना, आपलं नाही ते देता येत नाही. माझी शांतता माझी नव्हतीच. घरी मी बडबड्या होतो, आई गप्प बस म्हणून थकायची. वर्गात पहिल्या आठवड्यात दोनदा बोलायला गेलो तेव्हा दुसरं काही तरी चालू होतं, मग तिसऱ्यांदा गेलो नाही. एवढंच झालं. नंतर सगळ्यांनी धरलं की हा असाच आहे, आणि मीही तेच धरलं.

त्याला काय द्यावं हे शोधत बसू नकोस. तोही तुमच्याबरोबर जाणारच आहे ना? मग ते त्याचंही मृत्युपत्र आहे. त्याला काय ठेवून जायचंय ते विचार.

शाईचा_डाग
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्याला फक्त घेणाऱ्यांत धरत होते. पण तीन वर्षांनी अचानक जाऊन काय बोलू? त्याला वाटेल, काम पडलं म्हणून आली.

शेवटून_दुसरा
काम पडलंय म्हणूनच जा. कामासाठी आलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं. कणव घेऊन आलेल्याशी अवघड.

खडूफळा
काही विचारायच्या आधी वही त्याच्यापुढे ठेव आणि म्हण, बाकीच्या ४२ ओळी वाचून बघ, कुठे चुकलंय का. मुलांना मत विचारलेलं आवडतं.

तिसरी_घंटा
आणि काय झालं ते इथे येऊन सांग गं पोरी. आता जीव टांगणीला लागलाय.

शाईचा_डाग
सांगायला आले. आज मधल्या सुट्टीत वही घेऊन गेले. खडूफळाताईंनी सांगितलं तसंच म्हणाले. त्याने अख्खी वाचली, सावकाश. मला वाटलं आता "छान आहे" म्हणून परत देईल. त्याने ग्रंथपालांच्या ओळीवर बोट ठेवलं. (ताई, तुमचा 'शूऽऽ' मी उचलला होता.) म्हणाला, "आपल्या बाई शू म्हणत नाहीत. पेन्सिल टेबलावर दोनदा वाजवतात." आणि बोटाने वाजवून दाखवलं, टक टक. मी तीन वर्षं त्या ग्रंथालयात बसलेय. त्याने वाजवल्यावर आवाज ओळखीचा वाटला. मग आणखी पाच ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. हसू जिना उतरून जातं ते खरं, पण दुसऱ्या वळणापर्यंतच, म्हणाला. त्याच्या सगळ्या दुरुस्त्यांनी ओळी आणखी मजेदार झाल्या.

मग विचारलं, तुला काय ठेवायचंय? तो थोडा वेळ गप्प. मग वही ओढून घेतली आणि स्वतःच लिहिलं. जसंच्या तसं देते :

"मागच्या खिडकीची कडी. ती नुसती ढकलली तर अडकते. आधी वर उचलायची, मग डावीकडे सरकवायची, मग खिडकी उघडते. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा खालच्या कोपऱ्यावर मूठ ठेवून हे करायचं. हे मी पुढच्या वर्षी या बाकावर बसणाऱ्याला देतो."

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. रोज आम्ही यायचो तेव्हा खिडकी उघडीच असायची.

उंबरठा
काय बोलू. खूप छान केलंस, आणि त्यानेही.

काळा_कोट
स्थावर मिळकत, वापराच्या सूचनांसह. इतका काटेकोर मजकूर आमच्याकडेही क्वचित येतो. एक अक्षर बदलू नका.

शेवटून_दुसरा
वाचलं. पुन्हा वाचलं.

फटकळ
उपयोगी खोड म्हणतात ती हीच. पण एक शंका : कडी नुसती कागदावर वाचून जमणार नाही. पुढच्या वर्षी तिथे कोण बसणार हे ठरलंय का? त्याला कुणी दाखवणार आहे का?

शाईचा_डाग
उद्या मधल्या सुट्टीत खालच्या वर्गातल्या एकाला घेऊन येतोय. तोच दाखवणार आहे. आधी मला शिकवलं. डावीकडे सरकवायच्या आधी जरासं थांबावं लागतं, ते लिहायचं राहिलं म्हणाला, म्हणून वही परत मागून घेतलीय.